जमिनीचें दप्तर : जुन्नर व आंबेगांव

इतिहासाचे आमचे ग्रंथ बहुधा लढायांनीं सुरू होतात आणि तहांनीं संपतात. शिवनेरीचें नांव निघालें कीं वाचकाच्या मनांत १६३० सालचा शिवजन्म उभा राहतो, आणि नाणेघाट म्हटला कीं सातवाहनांची राणी नागनिका आठवते. हें योग्यच आहे. परंतु या दोन स्थळांच्या भोंवतीं जी काळी व तांबडी माती पसरलेली आहे, तिच्यांत नांगर धरणाऱ्या माणसाची राज्यसत्तेशीं गांठ पडे ती रणांगणावर क्वचित्, चावडीवर मात्र दरसाल. जमीन किती, ती कोणाच्या नांवें, आणि तिच्यावर सरकारचें देणें काय, हे तीन प्रश्न प्रत्येक राजवटीनें त्याला विचारले. आणि त्यांचीं उत्तरें कोणी तरी कोठें तरी लिहून ठेवलीं. राजे बदलले, लिपि बदलली, मापें बदललीं. ते तीन प्रश्न मात्र कायम राहिले.

जुन्नर व आंबेगांव या पुणें जिल्ह्याच्या उत्तरेकडील दोन तालुक्यांपुरता त्या लिहिण्याचा इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे. त्यांत केवळ जिज्ञासातृप्ति हा हेतु नाहीं. आजहि येथील शेतकरी कर्जासाठीं, विक्रीसाठीं, वारसासाठीं आणि धरणाच्या भरपाईसाठीं ज्या कागदाच्या मागें फिरतो, तो सात-बाराचा उतारा ज्या वहींतून निघतो ती वही धनी कोण हें ठरविण्यासाठीं जन्मासच आली नव्हती. धारा कोणाकडून वसूल करावयाचा, हें सरकारास कळावें म्हणून तिची वंशावळ सुरू झाली. कराच्या वहीनें हक्काच्या खताची जागा कशी घेतली, आणि त्या स्थित्यंतरांत कोणाच्या पदरीं काय पडलें, हें पाहण्यासारखें आहे.

जमिनीचें मोजमाप या भागांत किती जुनें आहे हें पाहावयाचें तर लेण्यांत जावें. जुन्नरच्या भोंवतालच्या डोंगरांतील कोरीव लेखांत भिक्षुसंघास दिलेलीं शेतें 'निवर्तन' या मापानें सांगितलेलीं आहेत. एका शक उपासकानें एका गांवीं करंजाच्या झाडांसाठीं वीस निवर्तनें आणि दुसऱ्या गांवीं वडाच्या झाडांसाठीं नऊ निवर्तनें शेत देऊन त्याचें उत्पन्न एका श्रेणीच्या हवालीं केलें, असा एका लेखाचा अर्थ विद्वान् लावतात. मानमोडीच्या डोंगरांत क्षत्रप नहपान याचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेख आहे. याच नहपानाचा जांवई उषवदात यानें नाशिकच्या लेण्यांत आपलें दान कोरवितांना एक महत्त्वाची गोष्ट सांगून ठेविली आहे: हें दान निगमसभेंत वाचून दाखविलें असून रिवाजाप्रमाणें फलकांच्या दप्तरांत नोंदविलें आहे. म्हणजे दान देणें आणि दान दप्तरीं लागणें या दोन वेगळ्या क्रिया आहेत, व दुसरीवांचून पहिली अपुरी आहे, ही जाणीव आमच्याकडे सुमारें एकोणीसशें वर्षांची जुनी आहे.

नाशिकच्याच लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीनें भिक्षूंस दिलेल्या शेताच्या सवलती कोरलेल्या आहेत. राजाच्या माणसांनीं त्या शेतांत शिरूं नये, त्याला हात लावूं नये, मिठासाठीं तें खणूं नये. सवलतींची यादी ही उलट बाजूनें वाचली असतां जाचाची यादी होते. भिक्षूंच्या शेतांत जें करावयाचें नाहीं म्हणून राजा बजावतो, तें कुणब्याच्या शेतांत सर्रास होत असलें पाहिजे. करांचा इतिहास शोधणारानें माफीचे लेख आधीं वाचावे, असें आम्हांस वाटतें तें याच कारणानें.

आतां अनेक शतकें ओलांडून निजामशाहींत येऊं. मलिक अंबरानें कांहीं काळ निजामशाहीचें ठाणें जुन्नरास ठेविलें होतें. १६२६ सालीं तो वारला, पण त्याचा धारा त्याच्यामागें दीर्घकाळ नांदला. ग्रँट डफप्रभृति इतिहासकारांच्या मतें त्यानें मक्तेदारांस दूर सारून गांवच्या पाटलाशीं सरळ संबंध जोडला, पिकाचा अंदाज अनेक वर्षांच्या सरासरीनें केला, आणि धान्याच्या रूपानें सुमारें दोन-पंचमांश असलेला सरकारी हिस्सा पुढें सुमारें एक-तृतीयांश किमतीच्या रोकडींत ठरविला. अंबराची कीर्ति रयतेंत टिकली याचें रहस्य दराच्या हलकेपणापेक्षां दराच्या निश्चितपणांत असावें. किती द्यावयाचें हें पेरणीपूर्वीं ठाऊक असणें, हीच शेतकऱ्यास मोठी सवलत असते.

परंतु निश्चितपणा सर्वांसच गोड लागत नाहीं. १६३६ सालीं निजामशाही बुडाल्यावर मोगलांनीं या भागांत बारीक मोजणी व ठराविक धारा आणण्याचा उद्योग केला, तेव्हां सह्याद्रीच्या कुशींतील महादेव कोळ्यांस तो रुचला नाहीं. जुन्नर व आंबेगांवचा पश्चिम भाग हा त्यांचा मुलूख. तेथें डोंगरउतारावर नाचणी-वरई पिकते, खाचरांत भात होतो, आणि रान कोणा एकाच्या मालकीचें नसून वाडीचें असतें. अशा जमिनीवर साखळी किंवा काठी टाकणें म्हणजे ज्याला कडा नाहींत त्याला कडा पाडणें होय. कोळी नायकांनीं खेमी सरनाइकाच्या पुढारपणाखालीं बंड केलें, मोगलांनीं तें निर्दयपणें मोडलें, आणि पकडलेल्या कोळ्यांचीं मुंडकीं जुन्नरास मारून त्यांवर चौथरा बांधला, अशी हकीकत आहे. कॅप्टन मॅकिंटॉश या इंग्रज अधिकाऱ्यानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ही परंपरा टिपून ठेविली. शिवनेरीवर कोळ्यांचा चौथरा आजहि दाखविला जातो. शिवजन्माच्या स्थळीं जाणाऱ्या प्रवाशांनीं त्या चौथऱ्यापुढेंहि क्षणभर थांबावें. जमिनीच्या मोजणीपायीं पडलेल्या माणसांचें असें स्मारक महाराष्ट्रांत विरळाच.

शिवछत्रपतींच्या कारकीर्दींतील मोजणीचें मान सभासदानें बखरींत दिलें आहे. काठी पांच हात व पांच मुठींची. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद म्हणजे बिघा. एकशेंवीस बिघ्यांचा चावर. पिकाचे पांच भाग करून तीन रयतेस व दोन दिवाणांत. जुन्नर व शिवनेरी महाराजांच्या हयातींत मोगलांकडेच राहिलीं, तरी ही काठी पुढें सबंध मराठी मुलखाचा आदर्श झाली. पेशवाईंत थोरल्या माधवरावांच्या वेळीं पाहणी होऊन 'कमाल' आकार ठरला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं मात्र महाल मक्त्यानें देण्याची चाल बोकाळली. ज्याची बोली मोठी त्याच्या हातीं परगणा गेला, आणि आकाराची वही असूनहि वसुलीला आकार उरला नाहीं.

या काळांत जमिनीवरील हक्क कसा ओळखला जाई, तें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. गांवच्या जमिनीचा मूळ विभाग म्हणजे थळ. ज्या कुळानें पहिल्यानें रान मोडून तें वहितीस आणलें, त्याच्या आडनांवानें थळ ओळखलें जाई. कर्नल साइक्स यानें दख्खनच्या जमीनधाऱ्यावर १८३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत असें नमूद केलें आहे कीं, मूळ कुळें नष्ट झालीं तरी थळांचीं नांवें त्यांचींच चालत आलीं. थळकरी अथवा मिरासदार याचा हक्क पिढीजात असे. तो दुष्काळांत देशोधडीस लागला तरी परत येऊन आपलें शेत मागूं शके. उपरी हा त्या मानानें पाहुणा. तो गतकुळाची पडीक जमीन कौलानें करी आणि धारा चढला कीं निघून जाई. हा सर्व तपशील कुलकर्ण्याच्या घरीं मोडी रुमालांत असे. थळझाडा म्हणजे जमिनीची यादी, कुळझाडा म्हणजे माणसांची यादी. जमिनीच्या धाऱ्याशिवाय घर, दुकान, माग, घाणा यांवर मोहतर्फा असे. तोच आजच्या घरपट्टीचा व व्यवसायकराचा पूर्वज. पण वहीपेक्षां मोठी साक्ष गोताची. वाद पडला तर पाटील, बलुतेदार व शेजारी गोतसभेंत बसत, आणि शिवेवर उभा राहून शिवेची खूण सांगणाऱ्या महाराचा शब्द कागदाइतका वजनदार ठरे. हक्क हा माणसांच्या स्मरणांत होता, दप्तर त्या स्मरणाचें टांचण होतें.

१८१८ सालीं इंग्रजी अंमल आला. एल्फिन्स्टननें जुनी व्यवस्था होतां होईल तों न मोडण्याचें धोरण ठेविलें, आणि पुण्याचा पहिला कलेक्टर रॉबर्टसन यानें मिरासीची बारकाईनें चौकशी केली. पुढें प्रिंगल नांवाच्या तरुण मुलकी अधिकाऱ्यानें, रिकार्डोच्या अर्थशास्त्रास अनुसरून, खर्च वजा जातां उरणाऱ्या उत्पन्नाच्या शेंकडा ५५ इतका धारा बसविला. तत्त्व नामी होतें; पण तें उत्पन्न काढण्यासाठीं लागणारे आंकडे ज्यांनीं गोळा केले त्यांच्या खोटेपणामुळें, आणि त्याच वेळीं भाव कोसळल्यामुळें, ती पद्धति साफ फसली. गांवेंचीं गांवें ओस पडूं लागलीं. तेव्हां १८३५ सालापासून इंदापुरास गोल्डस्मिड व विंगेट यांनीं नवी मोजणी आरंभिली, आणि १८४७ सालच्या संयुक्त अहवालानें तिचे नियम कायम झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास हीच पद्धति उत्तरेकडे या आमच्या भागांतहि आली.

ही मोजणी म्हणजे दख्खनच्या खेड्यांत घडलेली एक मूक क्रांति होय. तेहतीस फुटांची साखळी, तेहतीस फूट औरसचौरस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. मातीचा रंग व खोली पाहून जमिनीचे सोळा आण्यांपासून खालीं उतरत नऊ वर्ग. बांधावर दगड, नकाशांत रेघ, आणि प्रत्येक तुकड्यास आंकडा. धारा तीस वर्षें वाढणार नाहीं, ही हमी. अमक्यांचें थळ होतें तेथें अमुक सर्व्हे नंबर आला. मिरासदार व उपरी हा भेद पुसून दोघेहि सारखेच खातेदार झाले. ज्याच्या नांवें खातें त्यानें धारा भरावा. आणि धारा भरीत आहे तोंवर त्यानें जमीन ठेवावी, विकावी, गहाण टाकावी. धारा कोण देतो या प्रश्नाचें उत्तर हेंच जमीन कोणाची या प्रश्नाचेंहि उत्तर बनलें, तें येथें.

इतिहासाच्या अभ्यासकास इंग्लंडचा राजा विल्यम याच्या १०८६ सालच्या डूम्सडे बुकाची येथें आठवण होईल. तेंहि कराच्या हिशेबासाठीं केलें, आणि पुढें शतकानुशतकें हक्काच्या पुराव्यास दाखविलें गेलें. पण इंग्लंडांत व त्याच्या धर्तीवर अमेरिकेंत हक्काचीं खतें वेगळीं राहिलीं. अमेरिकेंत सामान्यतः खतें नोंदविण्याचें काम व मालमत्तेची किंमत ठरवून कर आकारण्याचें काम हीं स्वतंत्र असतात. आणि त्या कराच्या पैशावर तेथील शाळा बऱ्याच अंशीं चालतात. दक्षिण ऑस्ट्रेलियांत टॉरेन्सनें १८५८ सालीं याहून पुढची पायरी गांठली. सरकारी नोंद हाच हक्क, व नोंद चुकली तर सरकार भरपाई देईल, असा कायदा झाला. आमच्याकडे यांपैकीं कोणतेंच पुरतें घडलें नाहीं. नोंद कराची, उपयोग हक्काचा, आणि हमी कोणाचीच नाहीं, अशी आमची त्रिशंकूची अवस्था आहे.

तिचें पहिलें फळ कडू निघालें. विक्रीयोग्य झालेली जमीन हें सावकारास उत्तम तारण झालें. पूर्वीं मिरासदाराची जमीन उचलून घेणें गोताच्या धाकानें अवघड होतें. आतां दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा व तलाठ्याच्या वहींतील एक ओळ एवढ्यानें तें साधूं लागलें. खुद्द विंगेटनेंच १८५२ सालीं सावकारास मिळालेल्या या बळाविषयीं सरकारास सावध केलें होतें. आंबेगांवच्या पश्चिमेस जांभोरी म्हणून गांव आहे. तेथील होन्या भागोजी केंगले या कोळी पुढाऱ्यानें १८७३ च्या सुमारास टोळी जमवून सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या सावकारांस 'त्राहि भगवान्' करून सोडलें, तो १८७६ सालीं पकडला गेला. मध्यंतरीं १२ मे १८७५ रोजीं सुप्यास प्रसिद्ध दंगा झाला. दंगेखोरांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षां त्याच्या दस्तऐवजांवर होता. गहाणखतें व कर्जरोखे बाहेर काढून त्यांची होळी करण्यांत आली. निरक्षर माणसासहि कळलें होतें कीं आपली जमीन आतां मातींत नसून कागदांत आहे. १८७९ च्या शेतकरी कायद्यानें न्यायालयास कर्जरोख्याच्या मागें जाऊन खरा हिशेब पाहण्याची मुभा दिली. त्याच सालीं मुंबईचा जमीन महसूल कायदाहि झाला.

तरीहि वहींत फक्त खातेदाराचें नांव होतें. गहाणदार, कूळ, भाऊबंद, विहिरीचा वांटेकरी यांचा तींत मागमूस नव्हता. १९०१ सालीं सरकारनें जमिनीचें हस्तांतर नियंत्रित करणारी दुरुस्ती आणली, आणि फिरोजशहा मेहता, गोखले प्रभृति सभासद कौन्सिलांतून उठून गेले, तो प्रसंग प्रसिद्ध आहे. त्यानंतर १९०३ सालीं हक्कनोंदणीचा स्वतंत्र कायदा झाला व १९१३ सालीं तो मूळ महसूल कायद्यांत सामील केला गेला. आजच्या सात-बाराचें बीज तें हेंच. नमुना सात हा अधिकारांचा, नमुना बारा हा पिकांचा. दोन्ही एका कागदावर आले आणि त्यांची बेरीज न होतां त्यांचें जोडनांव झालें.

स्वातंत्र्यानंतर या वहीला नवें तेज चढलें. १९४७ चा तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा आला. त्याखालीं जेथें एकत्रीकरण झालें तेथें सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. १९४८ च्या कूळकायद्यानें, विशेषतः १ एप्रिल १९५७ या 'कृषकदिना'नें, कसणाऱ्यास मालक होण्याचा मार्ग मोकळा केला. पण कसणारा कोण, हें पाहावयाचें कोठें? पुन्हां त्याच वहींत. ज्याचें नांव पीकपाहणींत लागलें होतें तो तरला. जो तोंडी बोलीनें कसत होता त्याला साक्षीदार शोधीत कचेऱ्या धुंडाळाव्या लागल्या. १९५० च्या कायद्यानें कुलकर्णी वतन संपलें. १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलांत आला. कुलकर्ण्याच्या जागीं पगारी तलाठी कधींच आला होता. त्याचेंहि पदनाम २०२४ सालीं 'ग्राम महसूल अधिकारी' असें करण्याचें ठरलें.

येथें वाचकाच्या उपयोगाचें थोडें सांगितलें पाहिजे. कारण आमच्या पदवीधर विद्यार्थ्यांतहि, ज्यांच्या घरीं दहा पिढ्यांची शेती आहे, अशांस आपला उतारा धड वाचतां येत नाहीं. नमुना सातच्या माथ्यावर गट नंबर व भूधारणा असते. 'भोगवटादार वर्ग १' असेल तर जमीन सामान्यतः मोकळेपणानें विकतां येते. 'वर्ग २' असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून ती हालत नाहीं. नांवाच्या शेजारीं कंसांत जो आंकडा असतो तो फेरफाराचा. ते नांव तेथें कसें आलें याचा किल्ला तेथें उघडतो. खरेदी, वारस, वांटणी, गहाण यांपैकीं काय झालें, हें नमुना सहाच्या फेरफारवहींत लिहिलेलें असतें. वारसांची वही सहा-क ही वेगळी. 'इतर हक्क' या रकान्याकडे बहुतेक जण पाहातच नाहींत. परंतु बँकेचा बोजा, कुळाचें नांव, विहिरींतील हिस्सा, बहिणींचीं नांवें हीं सारीं तेथेंच दडून असतात. एका खातेदाराच्या गांवांतील सर्व जमिनी एकत्र पाहावयाच्या तर नमुना आठ-अ, आणि क्षेत्र व आकार यांचा मूळ आधार पाहावयाचा तर नमुना एक म्हणजे आकारबंद. सात-बारावरचें क्षेत्र आकारबंदाशीं जुळत नसेल तर कोठें तरी गफलत आहे, असें खुशाल समजावें. नवीन फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीस पंधरा दिवस असतात. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. प्रमाणित नोंद ही, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानावी एवढेंच कायदा म्हणतो. ती हक्क निर्माण करीत नाहीं, हें आमच्या वरिष्ठ न्यायालयांनीं वारंवार सांगितलें आहे.

शेताच्या वहीचें हें झालें; घराची वही निराळी. इंग्रजी मोजणींत गांवठाणाबाहेरची जमीन तुकड्या-तुकड्यांनीं मोजली गेली, पण गांवठाण हा एकच ठिपका राहिला. तेथें धारा नव्हता, म्हणून मोजण्याचें प्रयोजनहि नव्हतें. त्यामुळें ओतूर, नारायणगांव, घोडेगांव यांसारख्या गांवीं घराचा आधार म्हणून लोक ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवीत आले आहेत. पण ती कर-आकारणीची यादी आहे. पूर्वीं चौरस फुटांवर बसणारी घरपट्टी २०१५ च्या नियमदुरुस्तीनें इमारतीच्या भांडवली मूल्यावर आली. जागेचा दर, बांधकामाचा प्रकार, त्याचें वय व वापर यांवरून ती ठरते, आणि तिच्या जोडीस दिवाबत्ती, आरोग्य व पाणी यांचे कर असतात. आकारणीची यादी प्रसिद्ध झाली असतां ती वाचून मुदतींत हरकत घेणें हा प्रत्येक घरमालकाचा अधिकार आहे. तो बहुतेकांच्या हातून झोपेंत निसटतो. जेथें नगरभूमापन झालें तेथें मालमत्ता पत्रक मिळतें. खेड्यांच्या गांवठाणांची मोजणी आतां विमानयंत्रानें होऊं लागली असून तिचा एक आरंभीचा प्रयोग याच जिल्ह्यांत पुरंदर तालुक्यांतील सोनोरीस झाला. २०२० सालीं 'स्वामित्व' या नांवानें ती योजना देशभर सुरू झाली. उषवदाताच्या फलकापासून आकाशांतल्या डोळ्यापर्यंतचा हा प्रवास आहे.

आणि या प्रवासाचा शेवट मोठा विलक्षण आहे. ज्या धाऱ्यासाठीं हा सारा खटाटोप झाला, तो धारा आतां नांवापुरता उरला आहे. कित्येक सात-बारांवरील वर्षाचा आकार एका पेला चहाच्या किमतीचाहि नसतो. कर झिजून गेला आणि त्याची वही मात्र सर्वसत्ताधीश झाली. पीककर्ज तिच्यावर, विमा तिच्यावर, अनुदान तिच्यावर, संपादनाची भरपाई तिच्यावर. २०२३ सालीं निवृत्त न्यायमूर्ति शिंदे यांच्या समितीच्या कामासाठीं कुणबी नोंदी शोधतांना महसुलाचे जुने मोडी कागद गांवोगांव पुन्हां उलगडले गेले. कुळाचें नांव लिहितांना कारकुनानें सहज जोडलेला एक शब्द शंभर वर्षांनीं नातवंडांच्या भवितव्याचा प्रश्न झाला. लिहिणारास याची कल्पनाहि नव्हती.

अशा वेळीं जें वहींत उतरलें नाहीं त्याची गति काय होते? डिंभें धरणाच्या जलाशयांत, तालुक्यास ज्याचें नांव मिळालें तें आंबेगांव गांवच बुडालें; तालुक्याची कचेरी पूर्वींपासून घोडेगांवास असल्यामुळें नांव तेवढें कोरडें राहिलें. ज्यांचीं शेतें वहींत होतीं त्यांस मोबदल्याचा हिशेब मागतां आला. पण वाडीच्या सामाईक रानाची, हिरड्याच्या झाडांची, गुरचरणीच्या वाटेची किंमत कोणत्या रकान्यांत मांडावयाची? कोळ्यांच्या जमिनी बिगर-आदिवासींकडे गेल्या त्या परत देण्यासाठीं १९७४ सालचा कायदा झाला, त्यानें १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ पर्यंतचे व्यवहार उघडले. २००६ च्या वनहक्क कायद्यानें सामूहिक हक्कहि मान्य केला. म्हणजे सतराव्या शतकांत चौथऱ्याखालीं गाडलेली तक्रार एकविसाव्या शतकांत कायद्याच्या भाषेंत लिहिली गेली. स्त्रियांची गोष्ट तशीच. नांगरामागून पेरणारी, खुरपणारी, कापणारी ती. पण वहींत तिचें नांव पति वारल्यावर, वारस म्हणून, मुलांच्या ओळींत. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनें 'लक्ष्मीमुक्ती'ची चळवळ करून हयात नवऱ्यांकडून बायकांच्या नांवें जमिनी करविल्या, तेव्हां या वहीच्या इतिहासांत एक नवें पान उलटलें. तें अजून पुरतें भरावयाचें आहे.

या सर्वांवरून आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, दप्तर हें सत्याचें चित्र आहे असें मानूं नये, आणि तें खोटें म्हणून त्याच्याकडे पाठहि फिरवूं नये. तें सरकारच्या गरजेनें पाडलेल्या रकान्यांत बसेल तेवढेंच सत्य आहे. रकाना बदलला कीं दिसणारी माणसें बदलतात: मोगलांस बिघे दिसले, विंगेटास खातेदार दिसला, कूळकायद्यास कसणारा दिसला, आणि आतां कोठें वाडी व बायको दिसूं लागली आहे. प्रत्येक वेळीं हा रकाना आपोआप पडलेला नाहीं; कोणी तरी बंड केलें, कोणी कर्जरोखे जाळले, कोणी कौन्सिलांतून उठून गेलें, कोणी अर्ज करीत वर्षें घालविलीं, तेव्हां तो पडला.

आतां उतारा संगणकावर मिळतो. २०१८ पासून तो डिजिटल सहीचा असतो, आणि चावडीवर न जातां घरबसल्या पाहतां येतो. परंतु कागद हातीं येणें वेगळें आणि तो वाचतां येणें वेगळें. जुन्नर-आंबेगांवच्या माध्यमिक शाळांत मुलांस पानिपतचें वर्ष पाठ येतें. त्याबरोबर आपल्या घरच्या गटाचा आकार, त्याचे फेरफार, आणि त्यांत आजीचें नांव आहे कीं नाहीं, एवढें शोधून लिहिण्याचा एक धडा घातला तर इतिहासाचें कांहींच बिघडणार नाहीं. मोडी वाचणारे दोन-चार तरुण प्रत्येक मोठ्या गांवीं तयार व्हावेत, म्हणजे रुमालांतील थळझाडे वाळवीच्या आधीं माणसांच्या हातीं लागतील. थळांचीं नांवें अजून म्हाताऱ्यांच्या तोंडीं आहेत. ती माणसें गेल्यावर केवळ आंकडे उरतील. तत्पूर्वीं हें काम झालें पाहिजे, आणि तें सरकारापेक्षां गांवानें करण्यासारखें आहे.